गाठोड्याचा नंबर

९ मार्च
लॉन्ड्री, कामगारांची खोली

मास्तर,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करतात ते चौथीत शिकवतात म्हणे. मी त्या दिवशी वर्गाबाहेर असणार, आणि चौथीनंतर कायमचाच बाहेर. तेव्हा अक्षर आणि चुका पोटात घाला.

मी लॉन्ड्रीचा गाडीवाला. गेल्या गुरुवारी बंदराच्या भरती ऑफिसशेजारच्या गल्लीत गाडी मागे घेताना तुम्हाला पाडलं तो. तुम्ही सायकल हातात धरून चालला होता. तुम्ही मला दिसलाच नाहीत. सायकलचा ब्रेक आणि माझ्या गाडीचा बंपर यांच्यामध्ये तुमचा उजवा हात सापडला. उठल्यावर तुम्ही आधी कापडाचं पार्सल झटकलंत आणि मग हाताकडे बघितलंत. अंगठ्याच्या बुडाशी कापलं होतं, रक्त फार नव्हतं. मीच रडायच्या बेतात आलो तर म्हणालात, "अरे, पडलो मी आणि तोंड तू का पाडलंस?"

कोणीतरी पोलिसांना फोन लावत होता. तुम्ही त्याला थांबवलंत आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "धरून नेलं तर तू आरोपी. आपल्या पायांनी जाऊन सांगितलंस तर तुझी नोकरी राहील. पोलिसांत नोंद कर, मालकाला सांग, तो विमा कंपनीला कळवेल. आणि झालं की मला लिहून पाठव. फोन नको. मी माप तोंडी घेत नाही." आणि टेलरिंगच्या दुकानाचं कार्ड दिलंत.

तर लिहून पाठवतो. परत येताना हमरस्त्यावरच्या ठाण्यात थांबून सगळं सांगितलं. मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, विम्याचं मी बघतो. तुम्ही निर्धास्त राहा.

हात कसा आहे ते कळवा. इथे मला सगळे भिंगरी म्हणतात, एका जागी टिकत नाही म्हणून. पाकिटावर तेवढं लिहिलंत तरी पोचेल.

तुमचा अपराधी,
भिंगरी


१७ मार्च
दुकान

चि. भिंगरीस आशीर्वाद.

अक्षर माझं नाही, मुलीचं आहे. मी बोलतो, ती लिहिते. ती शाळेच्या ऑफिसात कामाला असते, त्यामुळे तुझं पत्र वाचताना लाल पेन शोधत होती. मी म्हटलं राहू दे, पोरगा बोलतो तसा लिहितो, मला ऐकू येतं.

तू सांगितल्याप्रमाणे नोंद केलीस हे वाचून बरं वाटलं. तो फोन लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात आला होता. म्हणाला, मास्तर, तुम्ही त्याला सोडलंत, आता बसा हात चोळत. मी त्याला तुझं पत्र दाखवलं. ते वाचून पँटची उंची कमी करून घेऊन गेला.

हात ठीक आहे. अंगठा जरा रुसलाय, एवढंच. कात्री धरताना बाकीची चार बोटं येतात आणि हा पाहुण्यासारखा बाजूला उभा राहतो. डॉक्टर म्हणाले, आत एक शीर तुटली आहे, छोटं ऑपरेशन करून जोडता येईल. रुग्णालयाला पोलीस नोंदीचा नंबर हवा आहे. नंबर दिला की विमा कंपनी हमी देते आणि मग ऑपरेशनची तारीख मिळते. तेव्हा तुला ठाण्यात मिळालेला नंबर तेवढा पाठव. घाई नाही.

तुझा,
मास्तर

या खालच्या ओळी बाबांनी सांगितलेल्या नाहीत. पाकीट मीच चिकटवते, म्हणून लिहिता येतात.

घाई आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत. त्यानंतर शिरेचं तुटलेलं टोक आकसून वर सरकतं, मग ओढून आणून जोडता येत नाही. आणि कंपनीच्या हमीशिवाय ऑपरेशनचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. बाबा हे तुला कधी सांगणार नाहीत. परवा त्यांनी डाव्या हाताने कोटाचं कापड कापायला घेतलं आणि पाठीचा भाग वाया घालवला. चाळीस वर्षांत त्यांचं एक कापड वाया गेलेलं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकाला म्हणाले, उंदरांनी खाल्लं. आमच्या दुकानात उंदीर नाहीत. नंबर पाठव.


२६ मार्च
लॉन्ड्री, इस्त्रीखाना

मास्तर,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, गाडीच्या फेऱ्या वाढल्यात. नोंदीचा नंबर ४४१७. ताईंना सांगा, रुग्णालयात दाखवून टाका.

ठाण्यातले लिहून घेणारे साहेब फार सज्जन होते. मला पाणी दिलं. म्हणाले, स्वतःहून आलास, असे लोक कमी. चार पानांचा फॉर्म होता, त्यांनीच भरला, मी फक्त सही केली. मालकही म्हणाले, होतं असं कधीकधी. उगाच घाबरत होतो बघा.

इथे वाफेने जीव नकोसा होतो. दिवसभर चादरी. मला वाटतं जगातली निम्मी माणसं झोपूनच असतात आणि उरलेली त्यांच्या चादरी धुतात. फार दिवस राहीन असं वाटत नाही. माझी थोरली बहीण म्हणते, तुझ्या पायाला भोवरा आहे. पण तुमचं काम होईपर्यंत आहे.

अंगठ्याचा रुसवा लवकर जाऊ दे.

भिंगरी


८ एप्रिल

भिंगरी,

आज बाबा बोलत नाहीयेत, मीच लिहिते आहे. त्यांना या पत्राची माहिती नाही.

शाळेतून अर्धा दिवस सुटी घेऊन मी तुझा नंबर घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने संगणकात पाहिलं, मग एक वही काढली, मग दुसरी. मी म्हटलं, नीट बघा, मुलाने स्वतः लिहून पाठवलाय. त्याने बिचाऱ्याने तिसरीही काढली. मग म्हणाला, "बाई, हा नंबर आमच्याकडचा नाही आणि पोलिसांकडचाही नाही. पोलिसांच्या नंबरात वर्ष असतं, ठाण्याची खूण असते. हा नुसताच आकडा आहे. तुम्हाला कोणी दिला?" माझ्यामागे लोक उभे होते. मी म्हटलं, चुकून दुसरा कागद आणला. आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिसात उभी राहून खोटं बोलले, आणि तेही तुझ्यासाठी.

मग हमरस्त्यावरच्या ठाण्यात गेले. त्या गुरुवारी, सहा मार्चला, तिथे एकाच अपघाताची नोंद आहे, ती एका म्हशीची.

विमा कंपनीतला माणूस म्हणाला, जखमी माणसालाही नोंद करता येते, पण गाडीचा नंबर पाहिजे. बाबांनी तो पाहिलाच नाही. विचारलं तर म्हणतात, मी पोराचा चेहरा बघत होतो. माझ्याकडे लॉन्ड्रीचा पत्ता आहे. तुझ्या मालकांना लिहू का म्हटलं तर बाबा ताटावरून उठले. "त्याने मला लिहून दिलंय," म्हणाले. "लिहून दिल्यावर माणूस खोटं बोलत नाही."

सहा आठवडे सतरा तारखेला संपतात. तू स्वतः येऊन नोंद केलीस तर अजून होईल. बारा तारखेपर्यंत तुझी वाट बघेन. मग बाबा जेवले नाहीत तरी चालेल, मी मालकांना लिहीन.


३० एप्रिल
जहाज दुरुस्तीची गोदी, रंगाऱ्यांची खोली

मास्तर आणि ताई,

ताईंचं पत्र मला काल मिळालं. पाकिटावर दोन वेळा पत्ता खोडून नवीन लिहिलाय. मी एक तारखेलाच लॉन्ड्री सोडली. इथे जहाजांना रंग द्यायचं काम लागलं. पत्र आधी लॉन्ड्रीत पडून राहिलं, मग बहिणीकडे गेलं, मग इथे आलं. आज तीस तारीख. सतरा कधीच होऊन गेली.

मी कळवलं नव्हतं. पोलिसांना नाही, मालकांनाही नाही. कोणालाच नाही.

४४१७ हा गाठोड्याचा नंबर आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चादरींच्या गाठोड्याला नंबराचा बिल्ला बांधतात. तुमच्या पत्राला उत्तर लिहायला मी इस्त्रीखान्यात बसलो होतो आणि समोर एक गाठोडं होतं. रुग्णालयाचं होतं. मी मान वर केली, बिल्ला दिसला, लिहिला. एवढाच विचार केला. मला वाटलं, रुग्णालयाला नंबर नुसता रकाना भरायला हवा असेल. कोणी वह्या काढून तो तपासेल हे डोक्यातच आलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाला वाटतं, ऑफिसातले लोक आकडा बघतात आणि मान डोलावतात.

आता त्या दिवसाचं खरं सांगतो. मला त्या गल्लीत यायचं कामच नव्हतं. हमरस्त्यावरच्या हॉटेलात चादरी टाकून परत फिरायचं होतं. पण बंदरात भरती चालू आहे असं कळलं, म्हणून मालकांची गाडी घेऊन चाळीस किलोमीटर पुढे आलो. दुसरी नोकरी शोधायला पहिल्या नोकरीची गाडी. अर्ज दिला, बाहेर आलो, गाडी मागे घेतली. तुम्ही मला दिसला नाहीत असं मी लिहिलं होतं. मी मागे बघितलंच नव्हतं. हातात भरतीची पावती होती, ती वाचत होतो.

परतताना मी ठाण्यापाशी थांबलो हे खरं आहे. गाडी बंद करून बसलो. खिडकीतून आतला माणूस दिसत होता, तो कोणालातरी विचारत होता, "कुठून कुठे चालला होतास?" मास्तर, बाकी सगळं मी सांगितलं असतं. धडक, तुमचा हात, सगळं. पण कुठून कुठे, याचं उत्तर मालकांपर्यंत गेलं असतं. मी गाडी चालू केली. लॉन्ड्रीत पोचल्यावर बंपर पुसला आणि गाडीच्या वहीत लिहिलं, हॉटेल आणि परत. वहीत एकदा लिहिल्यावर तेच धरून चालायचं झालं. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा वाटलं, हात दोन दिवसांत बरा होईल आणि माझं खोटंही त्याबरोबर संपेल. ते पाणी देणारे साहेब, ते मालकांचं बोलणं, सगळं मी इस्त्रीखान्यात बसून रचलं.

तुम्ही त्या माणसाला फोन करू दिला असता तर बरं झालं असतं. हे लिहायला नको, तुमच्याच चांगुलपणावर खापर फोडल्यासारखं होतं. पण रोज दोरावर लटकून जहाजाला रंग देताना हेच येतं मनात. मला धरून नेलं असतं तर तुमचा हात आज बरा असता.

गाडीचा नंबर, मालकांचा पत्ता, भरतीची तारीख, सगळं वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केली आहे. काही उपयोग होणार असेल तर मी येतो. इथे दोन महिने झाल्याशिवाय सुटी नाही, पण मागून बघतो.

भिंगरी


१२ मे
दुकान

भिंगरी,

मुलीने आधीचं पत्र मला न सांगता पाठवलं होतं. तुझं उत्तर आलं तेव्हा तिने दोन्ही वाचून दाखवली, तिच्या पत्राची नक्कल आणि तुझं उत्तर. माझ्या घरात माझ्याशिवाय एवढा पत्रव्यवहार चालतो हे मला माहीत नव्हतं.

तुझ्या मालकांना ती लिहून बसली होती. त्यांचं उत्तर आलं की आमच्या वहीप्रमाणे त्या दिवशी गाडी तिकडे गेलेलीच नाही, आणि तो मुलगा आता इथे कामालाही नाही. सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्यांचाही दोष नाही, त्यांनी तुझी वही वाचली.

सतरा तारीख गेल्यावर डॉक्टरांनी हात दाबून पाहिला. म्हणाले, आता उघडून उपयोग नाही. सांधाही धरलाय. मी विचारलं, कात्री? ते म्हणाले, वय किती तुमचं? उत्तर द्यायचं नसलं की डॉक्टर वय विचारतात.

आता उपयोगाचं बोलतो. विमा कंपनीतल्या माणसाने तुझा कागद बघितला. तो म्हणतो, नुसता कागद चालणार नाही. गाडी चालवणाऱ्याने स्वतः ठाण्यात येऊन उशिराच्या कारणासह नोंद करायची, मालकाने कंपनीच्या फॉर्मवर सही करायची. मग मुदत गेली असली तरी कंपनी विचार करते. हात परत येणार नाही. पण दुकान चालवायला मला पगारी कटर ठेवावा लागेल, आणि नुकसानभरपाई आली नाही तर दुकान बंद करावं लागेल. येत असशील तर ये.

मास्तर

माझ्या ओळी. बाबांनी तुला शिवी दिलेली नाही, म्हणून मीही देत नाही. पण त्या दिवसापासून तुझी पहिली दोन पत्रं त्यांनी गल्ल्यातून काढून खालच्या खणात टाकली आहेत. फाडली नाहीत. मी असते तर फाडली असती.


३ जून
गोदी

मास्तर,

सुटी मिळाली नाही, तसाच निघून आलो. २६ तारखेला आधी लॉन्ड्रीत गेलो. मालक इस्त्रीखान्याच्या दारात उभे होते. मी सगळं सांगितलं, भरतीच्या पावतीपासून. वाटलं होतं, हात उगारतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गाड्या ठोकल्या जातात, म्हणून तर विमा काढतात. तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दिवस मावळायच्या आत फॉर्म गेला असता. एक पान आहे." कपाटातून काढून दाखवला. खरंच एक पान. माझ्या गोष्टीत मी चार पानं लिहिली होती. मी विचारलं, मला काढलं असतं का? ते म्हणाले, "दुसरीकडे अर्ज केलास म्हणून? वेड्या, या खोलीतल्या प्रत्येकाने तिथे अर्ज केलाय." मग माझ्यासमोर सही केली आणि म्हणाले, त्या शाळेतल्या बाईंना मी चुकीचं उत्तर पाठवलं, त्यांना वेगळं लिहीन.

दुसऱ्या दिवशी तुमच्या गावी आलो आणि ठाण्यात गेलो. पाणी कोणी दिलं नाही. लिहून घेणारा माणूस जेवून सुस्तावला होता. कुठून कुठे चालला होतास, असं त्याने पहिल्याच झटक्यात विचारलं. मी सांगितलं. त्याने मानही वर न करता लिहून घेतलं. ज्या प्रश्नाला घाबरून मी पळालो, तो त्या माणसाच्या दृष्टीने नाव आणि वय यांच्यामधला एक रकाना होता.

उशिराचं कारण असा शेवटचा रकाना होता. मी म्हटलं, भीती. तो म्हणाला, "भीती सगळ्यांनाच वाटते, ते कारण होत नाही. नीट सांग." मग मी सांगितलं तसं त्याने लिहिलं: नोकरी जाऊ नये म्हणून लपवले. खाली सही केली. लायसन्स वर्षभरासाठी काढून घेतलं. खरा नंबर मिळाला, तो ताईंना शाळेच्या पत्त्यावर टाकला आहे. मग विमा कंपनीत गेलो, तिथेही जबाब दिला.

त्यानंतर तुमच्या गल्लीत आलो होतो. समोरच्या कुलपाच्या दुकानापाशी उभा राहिलो. आत एक तरुण कटर कापड कापत होता आणि तुम्ही डाव्या हाताने खडूने खुणा करून देत होता. तो कापताना तुम्ही रस्त्याकडे बघायचात. मी अर्धा तास उभा होतो. कुलूपवाला म्हणाला, कुलूप घ्यायचंय का? मी म्हटलं, नाही. मग बसची वेळ झाली.

बसला अजून दोन तास होते. हे खोटं आता तरी नको.

भिंगरी


१५ जून
दुकान

भिंगरी,

विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. गल्ली बघितली, सायकल बघितली, माझा हात उलटासुलटा करून फोटो काढले. काल कळवलं की दावा मान्य आहे. दुकान राहील. तू आला नसतास आणि तुझ्या मालकांनी सही केली नसती तर राहिलं नसतं, हे मी मानतो.

नवीन कटर बरा आहे. हात सफाईदार आहे. पण दुसऱ्याची कात्री कापडातून जाताना ऐकवत नाही, म्हणून मी रेडिओ लावतो. त्याला वाटतं मास्तर हौशी आहेत.

तू कुलपाच्या दुकानापाशी उभा होतास ते मी बघितलं. ओळखलं. दोन चहा सांगितले. पोऱ्या चहा ठेवून गेला, मी तुला हाक मारणार होतो. मग म्हटलं, याच्याच पायांनी येऊ दे, मागे आपण तसंच म्हटलं होतं. एक चहा मी प्यायलो. दुसऱ्यावर साय धरली.

आता लिहायचं काय ते सुचत नाही. पोलिसांना सांगितलंस, मालकांना सांगितलंस, कंपनीला सांगितलंस.

मास्तर

बाबा इथे थांबले आणि उठून गेले, म्हणून पुढचं मी लिहिते. तुझ्या मालकांचं पत्र मला आलं, माणूस चांगला आहे. रविवारी घरी ये असं मी तुला म्हणणार नाही. घरी चारचौघांआड माफी मागणं सोपं असतं. सोमवारी दुकानात ये, गिऱ्हाइकं असताना. बाबांनी तुझं पहिलं पत्र सगळ्यांना दाखवलं होतं.


२ जुलै
गोदी

ताई,

सोमवारी तुम्ही शाळेत होता. मास्तर तुम्हाला थोडंच सांगतील, म्हणून मी लिहितो.

अकराच्या सुमाराला गेलो. दुकानात तिघं होते. एक बाई मुलाला घेऊन त्याच्या गणवेशाचं माप द्यायला आल्या होत्या, एक म्हातारे गृहस्थ, आणि एक पँट घेऊन आलेला माणूस. तो पँटवाला माझ्याकडे टक लावून बघायला लागला. अपघाताच्या दिवशी पोलिसांना फोन लावत होता तोच. मास्तरांनी मला पाहिलं आणि मुलाच्या खांद्यावरची टेप तशीच धरून ठेवली.

मी दारातच बोललो. मी तुम्हाला पाडलं, मागे न बघता गाडी घेतली, कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. कळवलं असं दोनदा लिहून पाठवलं. तुमची तारीख माझ्यामुळे गेली. रस्ताभर यापेक्षा बरंच पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं. पँटवाला म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो." मास्तर त्याला म्हणाले, "तू म्हणत होतास, बरोबर होतं तुझं. आता पँट ठेव आणि उद्या ये."

मग त्यांनी त्या मुलाचं माप पुरतं घेतलं. छाती, बाही, उंची. ते आकडे सांगत होते आणि कटर लिहीत होता. मी दारात उभा. बाई गेल्या, म्हातारे गेले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी रेडिओ बंद केला, माझ्यासमोर आले आणि उजवा हात पुढे केला. मी हातात घेतला. वाटलं, हात मिळवतायत.

म्हणाले, "अंगठा वाकव."

मी म्हटलं, मास्तर, नको.

"दुखत नाही. सगळ्यांनी बघून झालाय, डॉक्टरांनी, कंपनीवाल्याने. तू नाही बघितलास. वाकव."

मी दोन बोटांत धरला. वरून अंगठा अगदी नेहमीसारखा दिसतो, ताई. नख कापलेलं, बुडाशी एक पांढरी रेघ, एवढीच खूण. मी हलकेच वाकवून पाहिला. ते म्हणाले, "जोर लाव." मी लावला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, त्या दिवशी गल्लीत बघत होते तसे. मी आणखी जोर लावला.

नाही वाकला.

भिंगरी